आयुधपूजेची सुट्टी

आयुधपूजेला आमच्या तंजावुरात सुरी, वीणा, संगणक, सगळ्यांना सुट्टी असते. अठ्ठ्याण्णव साली मी नेमका त्याच दिवशी फ्लॉपीवरून नवा बायोस, म्हणजे संगणकाला जागं करणारी आज्ञावली, चढवला आणि मदरबोर्ड मेला. दोन दिवसांत कॉलेजचे निकाल छापून दिले नाहीत, तर माझी हंगामी नोकरी जाणार होती.

रॅम बदलली, बॅटरी बदलली. शेवटी बोर्डच काढून पूजेच्या पाटावर ठेवला.

“हात लावू नको म्हटलं होतं. आता कुंकू लाव नि क्षमा माग,” थोरली बहीण चंद्रमतीअक्का म्हणाली.

मागितली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बीप वाजला, पडदा उजळला, निकालाची यादी आली. संगणकाचं कॅबिनेट रिकामं होतं, बोर्ड अजून पाटावरच, पण ही काही तक्रारीची वेळ नव्हती. सगळी पानं छापून मी डोळे पुसले, हात जोडले. “फार उपकार झाले.”

“गोपाला,” अक्का कुजबुजली, “कुणाचे रे?”

रिकाम्या कॅबिनेटमधून बीप आला.