बेटावर कुणी नाही

सामसिया अस्तित्वात नाही, असा निर्णय झाला. पण तो झालाच नाही असं धरून चालू. कारण त्या सकाळी ती बेटाच्या धक्क्यावर सगळ्या गावाबरोबर उभी होती.

जिल्हा कचेरीचे रेनाल्डी साहेब जुना कागद वाचत होते. जायफळाच्या डच व्यापारी कंपनीने साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेला. बेटाबद्दल त्याआधी कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. साहेबांकडे एकाच ओळीचं भाषांतर होतं.

"'बेटावर मनुष्यवस्ती नाही.' म्हणजे तुम्ही नंतर घुसलात. बेट सरकारचं. महिनाअखेर सगळ्यांनी होड्यांत बसायचं."

"बसू की," गावप्रमुख बापा राजा म्हणाले. "आधी सांगा, कंपनीने जायफळ घेतलं कुणाकडून? माकडांकडून?"

"बापा, गप्प बसा जरा." सामसिया शाळेत शिकवायची, आजोबांकडून उचललेल्या मोडक्या डचमध्ये तिने पुढची ओळ लावली. ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "साहेब, पुढे आहे, 'असे किनाऱ्यावर जमलेल्या लोकांनी आम्हांस ओरडून सांगितले.'"

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ओळ तीच होती.

"लोकांनी सांगितलं, लोक नाहीत?"

"समुद्रावरून हाक आली की 'कुणी नाही' असंच सांगायचे," सामसिया म्हणाली. " हो म्हणणाऱ्याला समुद्र घेऊन जातो म्हणे."

"अजून सांगता?"

"छे. जुन्या लोकांची खुळं."

साहेब पहिल्यांदाच हसले. "कंपनीनेच वाचवलं तुम्हाला. लिहितो तसं."

बापा राजांनी त्यांना भाजलेला मासा बांधून दिला. ओहोटी लागली, होडी सुटली. सामसियाचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. अहवालावर साहेबांची सही अजून व्हायची होती.

होडी प्रवाळापाशी पोचली तेव्हा साहेबांना आठवलं की अहवालाला गावकऱ्यांचं तोंडी उत्तर जोडावं लागतं. परत फिरण्याइतकं पाणी उरलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू करून फोन उंच धरला आणि हाक दिली, "बेटावर कोणी आहे का?"

धक्क्यावर बायकांनी मुलांना पाठीशी घेतलं. आणि सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात उत्तर गेलं, "कुणी नाही."

कोण ओरडलं म्हणून सामसियाने मागे वळून पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

पंधरवड्याने कचेरीचं पत्र आलं.

"बेट निर्जन असल्याचे स्थानिक रहिवाशांनी तोंडी कळविले आहे. तरी सदर नसलेल्या रहिवाशांनी, आपण नसल्याचा दाखला घेऊन, कचेरीत समक्ष हजर राहावे, ही विनंती."