चुकलेला हुंकार

हुंकार चुकला.

टॅबमधली बाई नायिकेचे मरण वाचत होती. "तिने शेवटचा श्वास" इथवर ती आली होती, श्वास अजून घेतला गेला नव्हता, आणि आरामखुर्चीतून "हं" आले. पुढे वाक्य पुरे झाले, जिथे हुंकार यायलाच हवा होता, तिथे काहीच नाही.

लेखिकाबाईंनी यजमानांकडे पाहिले. पाहुण्यांच्या मुलाचे गाणे ऐकावे लागले की चेहरा जसा प्रसन्न ठेवावा लागतो, तसा यजमानांनी तो ठेवला होता.

टॅब लेकीने आणला होता. बोटे आखडू लागल्यापासून आईचे लेखन रखडले, ते तिला बघवेना. त्यातले एक ॲप बोललेले लिहून घेई, दुसरे लांबलेल्या वाक्याखाली लाल रेघ ओढी, तिसरे लिहिलेले वाचून दाखवी.

"आई, आता तुला कुणाची गरज नाही," लेक म्हणाली होती.

"होती कधी?" बाई म्हणाल्या होत्या, आणि तिन्ही ॲप त्यांनी नव्या सुनांसारखी शिस्तीला लावली होती. फक्त लिहून घेणारे ॲप बंद करायचे त्यांच्या ध्यानात राहत नसे. त्यामुळे घर सोडून निघालेला नायक उंबरठ्यावर थबकून "मेलं दूध उतू गेलं" असे म्हणून मोकळा होई.

तरीही शेवटचा शब्द ॲपचा नव्हता. तो यजमानांच्या हुंकाराचा होता. संसार मांडल्यापासून बाईंची ओळ अन् ओळ आधी त्यांच्या कानावरून गेली होती. ते कापडगिरणीत मागखात्याचे मुकादम होते. मत विचारले तर "छान आहे" यापलीकडे त्यांची मजल जात नसे. हुंकार मात्र खोटे बोलत नसे. आखूड "हं" आला की वाक्य राहिले. "हंऽऽ" असा लांबला की वाक्य गेले, मग ते बाईंचे कितीही लाडके असो. भल्या भल्या समीक्षकांना दारात उभे न करणाऱ्या बाई त्या एका अक्षरापुढे मान तुकवीत.

प्रकाशकाला शेवटचे प्रकरण आज संध्याकाळी हवे होते. घसा खवखवत होता, म्हणून बाईंनी पहिल्यांदाच वाचनाचे काम ॲपवर सोपवले होते. प्रकरणात लाल रेघ एकही नव्हती. तरी कुठेतरी काहीतरी सलत होते. ते कुठे, हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो भलत्याच जागी हुंकारत होता.

वाचन संपले. बाई उठून खिडकीपाशी गेल्या. यजमानांच्या बरोबरीची काही माणसे आधी अशीच अवेळी हसू लागली होती, मग घरची वाट विसरली होती. भीती वाटली की बाईंना रागच येई, तसा तो आला.

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ती मरायच्या आधीच हुंकारून मोकळे झालात. एवढी घाई कसली होती?"

उत्तर आले नाही. त्या वळल्या.

यजमानांनी टॅब मांडीवर ओढून घेतला होता. कपाळावरचा चष्मा नाकावर आला होता. प्रकरणाच्या शेवटी नुकत्याच उमटलेल्या ओळींवरून त्यांचे बोट हळूहळू सरकत होते. बंद करायचे राहिलेल्या ॲपने बाईंचा राग जसाच्या तसा लिहून घेतला होता. बोट "घाई कसली होती" इथे येऊन थांबले, आणि मग त्यांनी मान वर केली.

"घाई नव्हती गं," ते म्हणाले. "या तुझ्या टॅबमधल्या बाईला तोंडच नाही. मग अंदाजानं म्हटलं."

बाईंना उमगायला एक क्षण लागला. मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. मागून हाक मारली तर न वळणे. फोन पुढे केला की न्हाणीघर गाठणे. बोलताना समोरासमोरच बसण्याचा हट्ट, ज्याला त्या म्हातारपणीचे प्रेम समजत आल्या होत्या.

त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"कधीपासून?"

"गिरणीत असल्यापासून कमी होतच होतं. मागांच्या खडखडाटापुढं कुणाचे कान टिकलेत? आम्ही सगळे तिथं तोंडं बघूनच बोलायचो."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं, तर वाचून दाखवायची थांबली असतीस."

त्या थांबल्या असत्या, हे खरे होते. पण बाईंच्या डोळ्यांपुढे आता मागची पुस्तके होती. एका लांबलेल्या हुंकारासरशी फाडून टाकलेली पाने होती.

"म्हणजे इतकी वर्षं माझी वाक्यं तुम्ही न ऐकताच मारलीत. निदान ओठ तरी वाचत होतात का?"

"ओठ दिसतात कुठं? कागद तोंडापुढं धरून वाचतेस तू." यजमानांनी टॅब बाजूला ठेवला. "आणि मी एकही वाक्य मारलं नाही. तुझं तुलाच पटलेलं नसलं, की ते वाचताना तुझी भुवई चढते. ती चढली की मी हं लांबवायचो, एवढंच. चल, ते प्रकरण आता तू वाच. मी बघतो."