वरातीतलं विरहगीत

बेंजोवर पहिली ओळ वाजली आणि अण्णा केळुसकरांच्या हातातलं सरबत हिंदकळलं. चाल त्यांचीच होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी बांधलेलं, भल्याभल्यांना रडवणारं विरहगीत आज नातवाच्या वरातीत ढोलताशावर उड्या मारत होतं!

"अहो, चिडू नका हं. मंगलकार्य आहे," म्हणत नलूताईंनी नवऱ्याची बाही धरली. त्यांची भीती खोटी नव्हती. चालीतला एक स्वर हलवला म्हणून अण्णांनी एका नावाजलेल्या गायकाला स्टुडिओतून घालवून दिलं होतं.

बाही सोडवून, काठी टेकत अण्णा थेट टेम्पोतल्या बेंजोवाल्यापुढे उभे ठाकले. तोंड उघडलं खरं, पण तेवढ्यात अंतरा आला. जिथे त्यांनी हुंदका ठेवला होता, नेमकी तिथेच ताशेवाल्यानं तिहाई टाकली, आणि ती समेवर अशी चपखल बसली की अण्णांचा डावा पाय आपोआप उडाला. मग उजवा. मग काठीही हवेत गेली. नवरदेव घोड्यावरूनच टाळ्या पिटू लागला. नलूताईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पण ते काही दबेना.

गाणं थांबलं. अण्णांनी धापा टाकत विचारलं, "कुठून उचललंत हे?"

"जुनंच हाय, आजोबा. पर ज्यानं केलं त्यानं लई रडकं केलं हुतं," बेंजोवाला घाम पुसत म्हणाला. "आमी दुरुस्त केलं."

"झकास केलंत!" अण्णांनी काठी पुन्हा उचलली. "घ्या परत. अंतऱ्यापासून!"