वाचल्याशिवाय

मोर्चात पकडलेल्या स्नेहलताबाई, नागरवाड्यातल्या निवृत्त शिक्षिका, पहिल्यांदाच तुरुंगात आल्या होत्या. झडतीत चष्मा काढून घेऊन महिला शिपायाने कागद पुढे सरकवला.

"जमा सामानाची यादी. सही करा."

"चष्मा द्या. वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"तो जमा झालाय."

बाई संतापल्या, हटूनच बसल्या. दुपारचं जेवणही नाकारलं. तेव्हा मराठी घरांत कामं करून मराठी शिकलेली, वाडी भागातली गुजराती कैदी रेवाबेन थाळी घेऊन शेजारी टेकली.

"जमी लो, बेन, जेवून घ्या. पण सही करू नका. जामिनाचा अर्ज म्हणून वकिलाने माझा अंगठा घेतला. त्यात मी गुन्हा कबूल केल्याचं लिहिलं होतं, हे मला शिक्षा झाल्यावर कळलं."