गाण्याचा नियम

तिने आधी दार पाहिलं, मग बाई. दाराला आतून कडी होती, साधी, पितळेची. बाईंनी ती लावली नाही.

"दार कसं ठेवू?" त्यांनी विचारलं.

हे आधीच्या दोघांनी विचारलं नव्हतं. "थोडं उघडं चालेल," ती म्हणाली. बाईंनी पायाने एक बुटकं स्टूल दारात सरकवलं. फटीतून पॅसेज दिसत होता आणि बाकावर बसलेला नवरा. लेक चिमी त्याच्या मांडीवर उलटी लोंबकळत होती.

ह्या तिसऱ्या सायकॉलॉजिस्ट. पहिल्याची वेळ आईने परस्पर फोन करून घेऊन टाकली होती. "मामाला विचारलं मी. त्याच्या हॉस्पिटलात आहेत की असले चारजण." झोप लागत नाही, एवढंच आईला ठाऊक होतं. पहिला खुर्चीतून उठून म्हणाला, "सरांच्या भाची ना तुम्ही? मग घरच्याच." घरचीच ठरल्यावर तिने चहा घेतला, उकाड्याबद्दल बोलली आणि परत आली. दुसरीने कडी घातली आणि हसून म्हणाली, "आता अगदी निवांत बोला." ही त्या कडीकडेच बघत राहिली. निवांत काय बोलणार, डोंबल.

तेव्हा तिने ठरवलं, कोणाच्याच हाताखाली नसलेलं माणूस शोधायचं. चष्म्याच्या दुकानावर ह्या बाईंच्या दोन खोल्या होत्या. जिन्यात छोटीशी पाटी. "एवढी चौकशी तू माझीही केली नव्हतीस," जिना चढताना नवरा पुटपुटला होता.

"आधी मी विचारू?" तिने विचारलं.

"विचारा की."

"त्या मोठ्या हॉस्पिटलातले मुख्य डॉक्टर तुमच्याकडे पेशंट पाठवतात?"

"आधी पाठवायचे. आता नाही पाठवत."

"का?"

"पेशंट काय बोलला ते त्यांना फोनवर हवं असायचं. मी देत नाही."

तिला एकदम हसू आलं. मामाला कोणी नाही म्हटलेलं तिने कधी ऐकलंच नव्हतं. ती खुर्चीत थोडी मागे सरकून बसली.

"मला सगळं सांगावं लागेल?"

"नाही. काय, किती आणि कधी, ते तुम्ही ठरवायचं. नाही सांगितलंत तरी काम सुरू करता येतं. आधी झोप ताळ्यावर आणू."

"आणि तुमचंच काही अडलं तर?"

"माझ्या एक सीनियर आहेत, त्यांच्याशी बोलते. तुमचं नाव न घेता."

उत्तरं पटत होती. पण पटणारी उत्तरं द्यायला काय, कोणीही देईल. ती बाईंचे हात बघत राहिली. हात मांडीवर होते आणि घाईत नव्हते.

"आता मी एक विचारते," बाई म्हणाल्या. "आत्ताच का आलात?"

"चिमीमुळे." हे सांगणं सोपं होतं. "बालवाडीतल्या ताईंनी बोलावलं होतं. ही बाथरूममध्ये गेली की गाते. घसा बसेपर्यंत गाते. मध्येच थांबवलं तर रडते."

तेवढ्यात पॅसेजमधून चपला फटफटल्या आणि एक दार लोटल्याचा आवाज आला. पाठोपाठ गाणं. सूर नाही, ताल नाही, नुसतं जोरजोरात: मांजर, बस, बाबाचा बूट, सुचेल ते. नवऱ्याचा ओशाळलेला आवाज आला, "हळू गं."

"हेच," ती म्हणाली. "आमच्या घरात दारांना कड्या नाहीत. चिमी झाली तेव्हा मीच काढून घेतल्या. मुलं आत अडकतात ना. मग कोणी आत आहे हे कळणार कसं? म्हणून आत गेलं की गायचं. नवराही गातो. सासूबाई राहायला आल्या की त्यासुद्धा आरडतात बिचाऱ्या. पाहुणे हसतात."

बाईही हसल्या. "आणि बाहेरच्यांनी काय करायचं?"

"आवाज येतोय तोवर दार उघडायचं नाही."

"घसा बसला तरी?"

तिने फटीकडे पाहिलं.

"नियम कोणाचा हा?"

"माझाच," ती पटकन म्हणाली. सगळ्यांना असंच सांगायची. थोड्या अभिमानानेच.

बाई नुसत्या मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या, जणू त्यांनाही खरंच जाणून घ्यायचं होतं. बाथरूममध्ये चिमीचे शब्द संपले होते. आता ती नुसतं ला-ला करत होती, पण थांबत नव्हती.

ला-ला. शब्द संपले की असंच करायचं. हे तिने चिमीला शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं का? जिन्याखालची अंधारी खोली, भीती वाटू नये म्हणून गायचं. बाहेरून घातलेली कडी. फटीतून येणारा पिवळा उजेड आणि ताटांचे आवाज. मामीने एकदा हळूच विचारलं होतं, काढू का हिला बाहेर? आणि एक शांत, दमलेला, अजिबात न चिडलेला आवाज म्हणाला होता, आवाज येतोय तोवर दार उघडायचं नाही.

तोच शब्द न् शब्द.

ती उठली. तिने दारातलं स्टूल पायाने बाजूला सारलं, पॅसेज ओलांडला आणि ला-ला चालू असतानाच ते दार उघडलं. चिमी आ वासून बघत राहिली.

"आई, मी गात होते ना," ती म्हणाली.

"ऐकलं मी," तिने चिमीला उचललं आणि मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडे वळली. "मामाचा आहे तो नियम. ते सगळे जेवायचे, आणि मी आत गायचे."