पाहुण्या पेशी
लेकीच्या लहानपणी काचेची सिरिंज पातेल्यात उकळून तिला इन्सुलिन टोचायचे. ती माझेच डोळे पुसायची. गेल्या वर्षी अपघातात गेलेल्या तरुणाच्या स्वादुपिंडातल्या पेशी तिच्या यकृतात सोडल्या आणि सुई सुटली. शरीराने त्या परक्या म्हणून मारू नयेत, यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र कायमच्या होत्या. आज डॉक्टर म्हणाले, “पेशी मेल्या. गोळ्या थांबवल्या?” विहीणबाईंनी पिशवीतून डबा काढून दिमाखात टेबलावर ठेवला. “सूनबाई सारखी सर्दीने बेजार. मीच गुपचूप गोळ्या बदलून प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या या भरल्या!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भल्यासाठीच केलं हो! दुसऱ्या पेशी आणता येतील की,” त्या म्हणाल्या. “दुकानात मिळतात त्या? एका आईने पोराच्या प्रेताशेजारी सही केली, तेव्हा मिळाल्या. विहीणबाई, तिला जाऊन सांगा, ‘तुमचा उरलासुरला मुलगा मी मारला!’”