दोन विती साल

या, असे जवळ सरका. ढोल अजून तापतोय, गाणारे पाणी पिताहेत. तोवर एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे. आपल्यातल्याच अल्डनची. त्यानेच मला सांगितली, मान खाली घालून, म्हणून मीही तशीच सांगतो.

मे महिन्याच्या एका सकाळी आपल्या जुन्या मुलखात, अनकम्पाग्रेच्या पठारावर अल्डनने पिकअप थांबवली आणि ऐंशी वर्षांच्या लोरीन आत्याला हात धरून खाली उतरवलं. वस्तीपासून चार तासांचा रस्ता. मरायच्या आधी एकदा पणजीचं झाड बघायचं, असं ती तीन वर्षं म्हणत होती, आणि अल्डन तीन वर्षं उद्या-परवा करत होता.

ज्या वर्षी गोऱ्या सैनिकांनी आपल्या माणसांना या पठारावरून हाकललं, त्या वर्षी वसंतात आत्याच्या पणजीने एका पाइनची साल सोलून आतला गोड पापुद्रा पोरांना खाऊ घातला होता. दोन विती साल, तीही एकाच अंगाची. चहूकडून सोललं की झाड मरतं. घाव राहिला आणि झाडही राहिलं. आत्या दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला ते दाखवलं होतं. पुढे अल्डनलाही त्याच्या बापाने दाखवलं. त्यानंतर ती इथे येत होती ती आजच.

मोठा खडक आला तसा अल्डन डावीकडे वळला.

“हे बघ, आत्या. हेच ते.”

जुनं, जाडजूड झाड होतं. घावही होता. आत्याने आधी सालीला नाक लावून उन्हाने तापलेला गोड वास घेतला. मग घावाच्या खालच्या कापाला हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिली.

“अल्डन, झाड कुठून वाढतं रे?”

“शेंड्याकडून.”

“आणि घाव?”

“घाव जिथल्या तिथे राहतो.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

“दहा वर्षांची होते तेव्हा पणजीच्या कापाला माझी हनुवटी टेकली होती. आज ऐंशीची झाले, तरी तिथेच टेकते. म्हणजे सत्तर वर्षांत मी वाढलेच नाही म्हण की! तुझा बाप मला बुटकी म्हणायचा, पण इतकी?”

अल्डनने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“हे सोलणारी कुणी उंच बाई होती,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या कुणाची तरी पणजी.”

ती रागावली नाही. तिने फडक्याची गाठ सोडली, हरणाच्या वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा त्या झाडाच्या मुळाशी ठेवला. “ही तरी कुठे पोटभर खाऊन आली असेल,” म्हणाली. डोळे मिटून सृष्टिकर्त्याला दोन शब्द सांगितले. मग उभी राहत म्हणाली, “चल. आता आपली दाखव.”

हे फसलं तर झाडावर वीज पडली, असं सांगायचं त्याने वाटेतच ठरवून ठेवलं होतं. “आत्या, वीज...” एवढंच तोंडातून निघालं.  तो खडकाच्या उजव्या अंगाला चालू लागला.

तिथे खुंट होता. काप सरळ, साफ. कडेने वाहिलेली राळ गोठून पिवळी झालेली.

मागच्या ऑक्टोबरात, वणव्याच्या भीतीने जंगल विरळ करणाऱ्या टोळीत अल्डन करवत चालवत होता. या झाडावर तोडायच्या खुणेचा निळा पट्टा मारलेला होता, आणि पट्ट्याखाली तो घाव. मुकादमाने विचारलंही होतं, “हे काही जुनं दिसतंय. कुणाचं आहे का? सोडायचं का?” शुक्रवार होता. सगळ्यांना घरी जायची घाई. टोळीतले त्याला मेक्सिकन समजत, आणि ते त्याला सोयीचं होतं. तो म्हणाला होता, “अस्वलाने खरवडलंय.”

ज्या अस्वलाच्या नावाने आपण दर वसंतात नाचतो, त्याच्या माथी मारून त्याने करवत सुरू केली होती.

“कुणी कापलं?” आत्याने विचारलं.

“मी.”

“माहीत नव्हतं तुला?”

“होतं, आत्या.”

ती खाली वाकली. खुंटावर पंजा पसरून ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.  मग तिने वर पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता. दमून घरी आलेल्या पोराला विचारावं तसं तिने विचारलं,

“भूक लागली होती का रे तुला?”

त्या दिवशी त्याच्या डब्यात दोन सँडविच होती. एक त्याने अर्धं खाऊन फेकून दिलं होतं.

त्याने नाही म्हणून मान हलवली.

आत्याने फडक्यातला उरलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. “खा,” म्हणाली.

चार तास एका हाताने गाडी चालवत तो वस्तीवर परतला. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. तुकडा तसाच होता.

झाला, ढोल तापला. आता गाणारे बसतील, मी थांबतो. एवढंच मागतो, पहिला सूर लागला की त्या पणजीला आठवा. तिचं नाव आत्यालाही ठाऊक नाही. ठेंगणी होती, एवढंच कळलंय. पोरं भुकेने रडत होती आणि तिने दोन वितींवर हात थांबवला.